कोरड्या पायांचें समुद्रप्रेम

गेल्या नाताळच्या सुटींत भिवापुरांतील आमच्या परिचयाचीं तीन सुशिक्षित कुटुंबें कोंकणांत जाऊन आलीं. भिवापूर हें नागपूर जिल्ह्यांतील, तिखट मिरचीविषयीं प्रसिद्ध असलेलें तालुक्याचें गांव. येथून मालवण हजार किलोमीटरांहून अधिक दूर. इतका प्रवास, इतका खर्च व इतकी दगदग सोसून मंडळी परत आल्यावर आम्हीं उत्सुकतेनें विचारलें, "काय पाहिलेंत?" उत्तर मिळालें, "किनारा फार सुरेख, वाळू स्वच्छ, गर्दी मुळींच नाहीं. परंतु खरें सांगावयाचें तर तेथें करण्यासारखें कांहींच नाहीं. दोन तासांत कंटाळा आला." या तीन कुटुंबांत वकील आहेत, डॉक्टर आहेत, शिक्षिका आहेत, लहानथोर मिळून बारा माणसें. त्यांपैकीं एकासही पोहतां येत नाहीं. या दोन गोष्टींचा एकमेकींशीं कांहीं संबंध असेल, असें त्यांच्या मनांत आलेलें दिसलें नाहीं. तो संबंध उघड करून दाखवावा, एवढाच या लेखाचा हेतु. लेखणी कोठें कडक झाल्यास स्नेहीजनांनीं क्षमा करावी. कारण पुढें येणाऱ्या टीकेंतून लेखकानें स्वतःस वगळलेलें नाहीं.

मंडळींनीं समुद्रावर केलें तरी काय? घोट्यापर्यंत पाण्यांत उभें राहून छायाचित्रें काढिलीं. वेगानें धांवणाऱ्या होडीस बांधलेल्या रबरी फुग्यावर बसून किंकाळ्या मारिल्या. दुसऱ्या दिवशीं स्नॉर्कलिंग म्हणून जो प्रकार असतो तोही झाला. स्नॉर्कल म्हणजे तोंडांत धरावयाची श्वासनळी. डोळ्यांवर कांचेचा मुखवटा चढवून, ही नळी तोंडांत धरून, पाण्यावर पालथें तरंगत राहावयाचें आणि खालची सृष्टि स्वस्थपणें न्याहाळावयाची, असा हा साधा व सुंदर उद्योग आहे. परंतु ज्यास तरंगतां येत नाहीं त्यानें तो करावा कसा? अंगांत फुगीर जाकिटें चढविलीं. एका स्थानिक तरुणानें जाकिटाची पट्टी धरून प्रत्येकाचें तोंड पांच-सात मिनिटें पाण्यांत घातलें. नाकांत पाणी गेलें, जीव घाबरला, पाय आधार शोधूं लागले. खालीं एक खडक लागला, त्यावर मंडळी सुखानें उभी राहिली. त्या क्षणाचें, पाण्याखालीं घेतलेलें छायाचित्र आम्हांस मोठ्या कौतुकानें दाखविण्यांत आलें. ज्यास ते खडक म्हणत होते तें पोवळें होतें.

पोवळें ही सूक्ष्म प्राण्यांची वसाहत आहे. हे प्राणी आपल्याभोंवतीं चुन्याचें घर बांधीत जातात. त्यांच्या अंगांत त्याहूनही सूक्ष्म असें शैवाल राहतें. तें सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून आपल्या यजमानास पोसतें. घुमटासारखीं वाढणारीं पोवळीं वर्षाकांठीं सुमारें एक सेंटीमीटर वाढतात. म्हणजे आमच्या वकीलमित्राच्या टांचेखालीं जो वीतभर उंचीचा गोळा होता, तो बांधण्यास त्या जीवांस वीस वर्षें तरी लागलीं असावींत. आमच्या मित्राची वकिली अद्याप तितकी जुनी नाहीं.

शिवाजीमहाराजांनीं १६६४ सालीं मालवणजवळच्या ज्या बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला, त्याच्या आसमंतांतील समुद्रांत हीं पोवळीं आहेत. १९८७ सालीं तेथील सुमारें २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झालें. २००१ सालीं चुन्याचे बांध रचणाऱ्या सर्व पोवळ्यांस वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचींत, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, बसविण्यांत आलें. भिवापूरकरांस ही पंक्ति समजावून सांगावयास नको. आमच्या शेजारींच २०१२ सालीं झालेलें उमरेड-कऱ्हांडला अभयारण्य आहे. तेथें वाघाच्या पाठीवर पाय ठेवून छायाचित्र काढण्याची कल्पनाही कोणी करणार नाहीं. वाघ डरकाळी फोडतो. पोवळें फोडीत नाहीं, एवढाच काय तो फरक. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेंतील संशोधकांनीं २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या एका निबंधांत, हौशी पाणबुड्यांमुळें मालवणच्या पोवळ्यांस होणाऱ्या इजेचें वर्णन केलें आहे. समुद्राचें पाणी प्रमाणाबाहेर तापलें म्हणजे पोवळीं आपल्या अंगांतील शैवाल टाकून पांढरीं पडतात, हें दुसरें संकट आहेच. तो ताप उतरविणें कोणा एका कुटुंबाच्या आवांक्यांतलें नाहीं. आपली टांच आवरणें मात्र आहे.

येथें आमचा मुख्य मुद्दा येतो. त्या बारा जणांच्या मनांत पोवळ्यांविषयीं दुष्टावा नव्हता. त्यांपैकीं निदान दोघीजणी शाळेंत मुलांना पर्यावरण हा विषय शिकवितात. त्यांच्या पायांनीं अपराध केला तो ज्ञानाच्या अभावीं थोडा, आणि तरंगतां न आल्यामुळें फार. ज्यास तरंगतां येत नाहीं त्यास पाण्याखालचें पाहतां येत नाहीं. आणि बुडण्याच्या धास्तींत तो जें सांपडेल तें तुडवितो. आम्ही महाराष्ट्रीय मध्यमवर्गीय लोक समुद्रावर प्रेम करितों असें म्हणतों. हें प्रेम कोरड्या पायांचें आहे. समुद्राचा कंटाळा आणि समुद्राची नासाडी या दोहोंचें मूळ आमच्या एकाच उणिवेंत आहे.

यावर पहिला आक्षेप येतो तो असा कीं, आम्ही पडलों आंतल्या मुलखांतले; आम्हांस पोहणें कोठून येणार? हा आक्षेप कोणा मारवाडांतील गृहस्थानें केला असता तर आम्ही गप्प बसलों असतों. परंतु पूर्व विदर्भ म्हणजे तळ्यांचा मुलूख. भंडारा, गोंदिया व चंद्रपूर या जिल्ह्यांत कोहळी समाजानें बांधलेलीं तळीं कित्येक पिढ्या भातशेतीस पाणी पुरवीत आलीं आहेत. मालगुजारी नष्ट झाल्यावर तीं सरकारकडे गेलीं, आणि 'माजी मालगुजारी' या लांबलचक नांवाचा संक्षेप होऊन त्यांस आतां मामा तलाव म्हणतात. भिवापुराहून त्या मुलखांत शिरावयास फार वेळ लागत नाहीं. त्या तळ्यांत धीवरांचीं मुलें बदकांसारखीं पोहतात, आणि आमचीं मुलें मोटारीच्या खिडकींतून तीं पाहतात. पाणी दोघांसही सारखेंच जवळ आहे. तेव्हां हा प्रश्न भूगोलाचा नाहीं. शिकलेल्या वर्गानें पाण्याकडे पाठ फिरविली, त्याचा आहे.

ही पाठ फार पूर्वींपासून फिरलेली नाहीं. आमच्या आजोबांच्या पिढींत कमरेस वाळलेला भोपळा बांधून पोरास विहिरींत ढकलीत आणि महिन्याभरानें तें पोर सूर मारूं लागे. टिळकांनीं महाविद्यालयांतील पहिलें वर्ष शरीर कमावण्यांत घालविलें व त्या व्यायामांत पोहण्यास मोठें स्थान होतें, ही गोष्ट आम्ही मुलांना सांगतों. ८ जुलै १९१० रोजीं सावरकरांनीं मार्सेय बंदरांत जहाजांतून उडी घेतली, तिच्यावरील भाषणांस आम्ही टाळ्या वाजवितों. ती उडी घेणाऱ्यास आधीं पोहतां येत होतें, हा साधा विचार टाळ्या वाजवितांना कोणास सुचत नाहीं. विहिरी बुजल्या, घरोघर नळ आले, उन्हाळ्याच्या सुट्या शिकवण्यांनीं खाल्ल्या. आणि दोन पिढ्यांत आम्ही पाण्यास परके झालों.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे, आणि त्याची चेष्टा करण्याचें धैर्य आम्हांस नाहीं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल पाहिले तर या देशांत बुडून मरणाऱ्यांचा आंकडा अलीकडच्या वर्षांत तीस हजारांवर असल्याचें दिसतें. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं मुरूडच्या समुद्रांत सहलीस आलेले पुण्याचे डझनाहून अधिक विद्यार्थी-विद्यार्थिनी बुडाले, तें वृत्त वाचून किती आयांनीं आपल्या मुलांच्या सहली रद्द केल्या असतील! पाणी वाईट, पाण्याजवळ जाऊं नको, असें त्या म्हणाल्या. त्यांस दोष कोण देईल?

तथापि मी हा दोष देतों. आणि येथें 'आम्ही' सोडून 'मी' म्हणणें भाग आहे. अकरा वर्षांपूर्वीं एका तलावावर वनभोजनासाठीं आम्ही अध्यापक व विद्यार्थी मिळून चाळीस जण गेलों होतों. एक विद्यार्थी पाय घसरून खोल पाण्यांत गेला. कांठापासून तो पंधरा हातांवर असेल. चाळीसांत एकासही पोहतां येत नव्हतें. आम्हीं हांका मारिल्या. कोणीं एक ओढणी फेंकली, ती पोंचली नाहीं. पलीकडे जाळें आवरीत असलेला एक धीवर धांवत आला आणि त्यानें बुडी घेतली. परंतु तोंवर उशीर झाला होता. मुलाच्या वडिलांस ही वार्ता सांगण्याचें काम माझ्याकडे आलें. ते फार बोलले नाहींत. "सर, तुम्ही तिथेंच होतां ना?" एवढेंच त्यांनीं विचारलें. होय, मी तेथेंच होतों. दोन विषयांत एम. ए. होतों, आणि पंधरा हात पाणी मला ओलांडतां येत नव्हतें. पुढच्या उन्हाळ्यांत, वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षीं, पाठीस रिकामा डबा बांधून मी पोहावयास शिकलों. त्याच धीवरानें मला शिकविलें. त्यास माझ्या पदव्यांची माहिती होती. मला त्याच्या विद्येची किंमत तोंवर ठाऊक नव्हती.

पाण्याची भीति खरी आहे. तिच्यावरून आम्ही काढतों तो निष्कर्ष खोटा आहे. पाण्यापासून दूर ठेवलेला मुलगा जन्मभर पाण्यापासून दूर राहत नाहीं. तो विसाव्या वर्षीं मित्रांबरोबर कोठल्या तरी तळ्यावर, धरणावर किंवा समुद्रावर जातोच. आणि तेथें तो एकटा अडाणी असतो.

अर्थात् तळ्यांत पोहतां आलें म्हणजे समुद्र जिंकला, असें समजणारा दुसऱ्या बाजूनें बुडतो. चांगले पोहणारेही समुद्रांत गेले आहेत. लाटांनीं किनाऱ्यावर आणून लोटलेलें पाणी कित्येकदां एखाद्या अरुंद वाटेनें जोरानें परत आंत जातें. त्या ओढींत सांपडलेला मनुष्य तिच्याशीं झुंजत थेट किनाऱ्याकडे येऊं पाहील तर दमून बुडेल. तोच न घाबरतां तरंगत राहिला, किनाऱ्यास समांतर असा थोडा पोहला, तर ओढीच्या बाहेर पडेल. पावसाळ्यांत समुद्रांत उतरूं नये, गांवचे लोक नको म्हणतील तेथें उतरूं नये, मद्य घेऊन कधींच उतरूं नये, एकट्यानें उतरूं नये. हें सर्व ज्ञान पांच मिनिटांत सांगून होतें. आम्हीं शाळेंत उष्ण गल्फ प्रवाह व शीत लाब्राडोर प्रवाह नकाशासह पाठ केले. ज्या प्रवाहानें आपला जीव जावयाचा त्याविषयीं एक ओळही कोणीं शिकविली नाहीं.

तिसरा आक्षेप उघड बोलला जात नाहीं, तो स्त्रियांविषयींचा. त्या तीन कुटुंबांतील पुरुष निदान जाकीट घालून पाण्यांत उतरले. त्यांच्या बायका व मोठ्या मुली किनाऱ्यावर पिशव्या राखीत बसल्या. २९ सप्टेंबर १९५९ रोजीं आरती साहा या भारतीय मुलीनें इंग्लिश खाडी पोहून पार केली. असें करणारी ती आशियांतील पहिली स्त्री. त्यास साठांहून अधिक वर्षें लोटलीं, आणि आमच्या घरांतील पदवीधर मुली अजून चपला हातांत धरून लाटेपासून मागें पळतात. कारण विचारलें तर 'लोक पाहतात' हें. मग जो किनारा निर्जन आहे, जेथें पाहावयास लोकच नाहींत, तो या मुलींच्या दृष्टीनें केवढा मोलाचा! परंतु अशाच किनाऱ्यावर 'करण्यासारखें कांहीं नाहीं' म्हणून आम्ही त्यांस घेऊन दोन तासांत परत फिरतों. अंगभर पोशाख करून पोहतां येतें. शिकावयाचें असेल तर मोठ्या शहरांतून स्त्रियांसाठीं राखलेल्या वेळाही असतात. अडचण कपड्यांची नाहीं. घरांतील कर्त्या माणसांनीं 'चल, तूंही शीक' हे शब्द उच्चारलेले नाहींत, ही आहे.

चवथा आक्षेप सर्वांत विचार करण्यासारखा. कोणी म्हणेल, तुम्ही फुगे व धांवत्या होड्या नांवें ठेवून मोकळे व्हाल. परंतु त्यांवर तेथील तरुणांचें पोट चालतें, त्याचें काय? हा प्रश्न रास्त आहे. मालवणच्या मच्छीमारांनीं अभयारण्यास विरोध केला तो समुद्राच्या द्वेषानें नव्हे, जाळें टाकण्याचा आपला पिढीजात हक्क जाईल या भीतीनें. आणि दूर नागपुरांत बसून त्यांस निसर्गप्रेमाचे धडे देण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. म्हणूनच आम्ही नावाड्यास दोष देत नाहीं. गिऱ्हाइकास हवें तें तो विकतो. पट्टी धरून तोंड बुडविण्याचा धंदा त्यानें काढला, कारण पट्टी धरल्यावांचून पाण्यांत राहूं शकणारा पाहुणा त्यास क्वचित् भेटतो. तोच तरुण लहानपणापासून त्या पाण्यांत वाढलेला असतो. कोणत्या खडकाच्या कपारींत कोणता मासा राहतो, पाणी केव्हां गढूळ होतें व केव्हां निवळतें, हें तो जाणतो. हें ज्ञान त्यास कोणी विचारीत नाहीं. म्हणून तो विकीत नाहीं. पाहुणा स्वतः तरंगूं लागला कीं तरुणाचा हात पट्टीवरून सुटेल आणि बोट दाखविण्यास मोकळा होईल. त्याबद्दल त्यास अधिक मोबदला खुशाल द्यावा.

राहतां राहिलें तें 'करण्यासारखें कांहींच नाहीं' हें वाक्य. देवबागच्या टोंकाशीं कर्ली नदी समुद्रास मिळते, तिच्या पलीकडे भोगव्याचा किनारा आहे. दोन वर्षांपूर्वीं हिंवाळ्यांत आम्ही तेथें चार दिवस राहिलों. चारही दिवस अपुरे पडले. सकाळीं ओहोटीच्या वेळीं वाळूवर चालत जावें, तों इवल्या खेकड्यांनीं आपापल्या बिळांभोंवतीं वाळूच्या गोळ्यांची रांगोळी घातलेली दिसते. भरती येऊन ती पुसते, आणि पुढच्या ओहोटीस ते ती पुन्हां घालूं लागतात. भरतीच्या रेषेच्या वर जांभळ्या फुलांची मर्यादवेल पसरलेली असते. तिच्या मुळ्या व फांद्या वाळू धरून ठेवतात, म्हणून वारा ती उडवूं शकत नाहीं. तिला हें नांव ज्या कोणीं दिलें त्यानें समुद्र नीट पाहिला होता. वर काकणघार घिरट्या घालीत असते. दुपारीं पाणी स्वच्छ असेल तर गांवांतील जाणत्या माणसास बरोबर घेऊन, मुखवटा लावून तासभर तरंगावें. संध्याकाळीं पुन्हां चालावें.

ज्यांस याहून मोठा देखावा हवा त्यांनीं रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास गांवीं जावें. चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें २००२ सालीं तेथें सागरी कासवांचीं अंडीं राखण्याचें काम सुरू केलें, आणि २००६ पासून तेथें कासव महोत्सव भरूं लागला. मादी रात्रीं किनाऱ्यावर येऊन वाळूंत सुमारें शंभर अंडीं घालते. दीडदोन महिन्यांनीं पिलें बाहेर पडून पाण्याकडे धांव घेतात. पाहुणे गांवकऱ्यांच्या घरीं उतरतात, तेथेंच जेवतात. या व्यवहाराचें सगळें भांडवल म्हणजे अंधार व शांतता. प्रखर दिव्यांनीं पिलांची दिशा चुकते, आणि गोंगाट असलेल्या किनाऱ्यावर मादी येत नाहीं. म्हणजे शांततेवरही गांवाची चूल पेटूं शकते, हें कोंकणानेंच दाखवून दिलें आहे.

आमचे स्नेही एवढें वाचून विचारतील, मग आम्हीं करावें काय? पुढच्या नाताळची तिकिटें काढण्यापूर्वीं आठ-नऊ महिने हातीं आहेत. गांवाजवळच्या सुरक्षित पाण्यांत, जाणत्या माणसाच्या देखरेखीखालीं, घरांतील प्रत्येकानें, आईनें व मुलींनींही, निदान पाठीवर निश्चिंत तरंगावयास शिकावें. शिकविणारा तळ्यावरचा धीवर असेल तर त्यास गुरु म्हणावें आणि गुरुदक्षिणा शिकवणीच्या मास्तराइतकी द्यावी. जाण्याचे दिवस पंचांग पाहून ठरवावे. लग्नाचा मुहूर्त, घरभरणी, प्रवासाची दिशा, सर्व कांहीं आम्ही पंचांगांत पाहतों. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास समुद्रास उधाण येतें व ओहोटीही तितकीच दूर जाऊन खडकांतलीं डबकीं उघडीं पडतात, अष्टमीच्या सुमारास भरती-ओहोटी दोन्ही मंद असतात, हें मात्र त्याच पंचांगावरून ताडावयाचें आम्हांस सुचत नाहीं. पाण्यांत कशासही हात लावूं नये, कशावरही उभें राहूं नये, तेथून कांहीं उचलून आणूं नये.

आमचा तो धीवर अजून त्याच तळ्यावर असतो. गेल्या उन्हाळ्यांत त्याच्याकडे पोहावयास आलेल्यांत आमच्या महाविद्यालयाचे सात विद्यार्थी होते, त्यांत दोन मुली. पहिल्या दिवशीं त्यांतील एकीचे वडील कांठावर उभे राहून सारखे "पुरे, पुरे" म्हणत होते. तिसऱ्या आठवड्यांत ते स्वतः गुडघाभर पाण्यांत आले. यंदा वकीलसाहेबांनीं सहकुटुंब यावें. डबे आम्ही आणून ठेवितों.